भिवंडीच्या गोदामात फक्त पॅकबंद किराणा, पाणी बोअरचं. पाण्याची तपासणी लागते का?

पाणी कशाला वापरता त्यावर आहे. आग विझवायला किंवा कूलिंगला पिण्यायोग्य नसलेलं पाणी चालतं, फक्त पाइपलाइन वेगळी हवी. पण क्रेट धुणं, बर्फ, सुटा माल, म्हणजे अन्नाशी संबंध आला की आयएस १०५००, म्हणजे पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, लागू. कामगारांच्या पिण्याच्या पाण्यालाही तोच निकष धरा.

एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेच्या लॅबमधून दर सहा महिन्यांनी रिपोर्ट घ्या. आधी ई. कोलाय (विष्ठेतून पाण्यात येणारा जीवाणू) बघा: १०० मिलीत एकही चालत नाही. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर गेला म्हणून लोक उगाच घाबरतात. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे.

नमुना बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत नेऊ नका. लॅबची निर्जंतुक बाटली आणा, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. आणि टाकी धुतल्याच्या तारखा लिहून ठेवा, अन्न सुरक्षेचा इन्स्पेक्टर त्या हमखास मागतो.