शिक्षक ‘दीन’ का होतात?

प्रिय होतकरू,

लेख मिळाला. विषय चांगला आहे, भाषाही वाहती आहे. पण दुसऱ्या परिच्छेदात ‘आचाऱ्यांनी ज्ञानाची परंपरा उलगडून सांगितली’ असे छापायला निघाले आहेस. तुला आचार्य म्हणायचे होते. स्वयंपाक करणाऱ्यांना ज्ञान नसते असे मुळीच नाही, पण त्या दिवशी व्यासपीठावर ते नव्हते.

संगणकाने या शब्दाखाली लाल रेघ मारली नाही, कारण त्याच्या लेखी शब्द बिनचूक आहे. लिहिणाऱ्याचा घात करतात त्या चुका याच जातीच्या. ‘शुध्दलेखन’ असे चुकीचे लिहिलेस तर कोणीही पकडेल (आधी द, मग ध: शुद्ध). पण चुकून दुसराच खरा शब्द उमटला, तर यंत्र गप्प बसते आणि हसण्याचे काम वाचकावर येते.

आधी तुझ्या आचाऱ्यांचे बघू. मूळ शब्द री किंवा रा-ने संपत असेल, तर त्याच्या रूपांत ऱ्य येतो: दरी–दऱ्या, वारा–वाऱ्याने, शेतकरी–शेतकऱ्यांनी, आचारी–आचाऱ्यांनी. मूळ शब्दातच जोडाक्षर असेल तर रफार: सूर्य, कार्य, आचार्य. शंका आली तर मोठ्याने म्हण. ‘दर्या’ म्हणताना द-वर जोर येतो, ‘दऱ्या’ म्हणताना येत नाही. टंकताना इन्स्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कळफलकावर शिफ्टसह जे-ची कळ दाबली की ऱ मिळतो. मग डी-वरचा हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह), मग य. काही कळफलक हेच अक्षर साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह वापरून घडवतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधपेटीत एका पद्धतीने टंकलेला शब्द दुसऱ्या पद्धतीचा सापडू देत नाही. ‘शेतकऱ्यांनी’ लेखात नाहीच असे यंत्र छातीठोकपणे सांगते, तेव्हा बहुधा हे कारण असते. म्हणून सगळा लेख एकाच कळफलकावर टंकावा.

आता ‘शिक्षक दीन’. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब बिचारा. ‘शिक्षक दीन उत्साहात साजरा’ हा फलक लिहिणारा निष्काळजी असतो असे समजू नकोस. तो अर्धा नियम जाणणारा असतो. मराठी शब्द अ-ने संपत असेल तर त्याआधीचा इकार-उकार दीर्घ असतो, हे त्याला ठाऊक असते: चूक, मूल, वीट, फूल. तोच न्याय तो दिनाला लावतो. पण दिन संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणून त्याचे माप संस्कृतातले. गुण, विष, मधुर हेही तसेच. आणि या दीर्घत्वाचा भरवसा धरू नये. मराठी शब्दाला प्रत्यय लागला की ते जाते: चूक पण चुकीचा, मूल पण मुलाला. संस्कृत शब्दाचे मात्र जात नाही: शरीर, शरीराला.

समासात याची आणखी एक गंमत. मंत्री एकटा असला की दीर्घ, मंडळात शिरला की ऱ्हस्व: मंत्रिमंडळ. व्याकरणाने राजकारणावर एवढे नेमके भाष्य दुसरे कुठे केलेले नाही. कवीचेही तेच, संमेलनात तो ‘कवि’ होतो: कविसंमेलन. नदी मुळातच संस्कृतात दीर्घ, म्हणून नदीकाठ. पाणिग्रहणात पाणि म्हणजे हात, म्हणून ऱ्हस्व. पाणीपुरवठ्यात साधे मराठी पाणी, म्हणून दीर्घ. लग्नाच्या पत्रिकेत ‘पाणीग्रहण’ छापले गेले, तर वराने वधूचा हात धरण्याऐवजी नुसते पाणी घेतले असा अर्थ निघतो.

हे नियम फार नाहीत. मराठी साहित्य महामंडळाने सुचवलेले 14 नियम राज्य शासनाने 1962 साली मान्य केले आणि 1972 मध्ये त्यांत 4 नियमांची भर पडली. एकूण 18. एका बैठकीत वाचून होतात. त्याआधीच्या पुस्तकांत नांव, पांच, कांहीं असे टिंब दिसले तर हसू नकोस. उच्चारात नसलेले ते अनुस्वार नंतर काढले गेले.

उरलेले टिंब मात्र मोलाचे आहे. ‘अध्यक्षांचे’मधले गळले की मानही गळतो, ‘अध्यक्षाचे’ असा एकेरी उल्लेख होतो. उलट, एकट्या ‘चोराचा’ शब्दावर टिंब पडले की ‘चोरांचा माग लागला’, म्हणजे टोळीच उभी राहते. आणि ‘असे केले’ लिहायचे की ‘असं केलं’, हे पहिल्याच ओळीत ठरव. दोन्ही चालतात, पण तुझ्या लेखात ‘असे केलं’ आहे. म्हणजे वाक्य औपचारिक कपड्यांत सुरू होऊन घरच्या कपड्यांत संपते.

सर्वांत जास्त चुका मोकळ्या जागेच्या आहेत. शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटून येते. ते सुटे लिहिले की त्याला स्वतःचा संसार सुचतो. ‘आईच्या साठी कार्यक्रम ठेवला’ वाचून वाचक आईचे वय मोजू लागतो. ‘पावसा मुळे’ यात भाजी डोकावते. आणि ‘मी ही कथा वाचली’ व ‘मीही कथा वाचली’ ही तर दोन वेगळी विधाने आहेत: पहिल्यात कथा ठरावीक, दुसऱ्यात वाचणारे किमान दोघे.

याला उपाय सोपा. लेख पूर्ण झाला की शोधपेटीत आधी एक मोकळी जागा आणि मग ‘साठी’ टंकून प्रत्येक जागा पाहा. तसेच मुळे, वर, पासून, समोर, ही. ‘सगळे बदला’ या बटणाला मात्र हात लावू नकोस. ‘त्यांनी साठी ओलांडली’ हे सुखी वाक्य ‘त्यांनीसाठी ओलांडली’ होईल आणि ‘उपवधू वर शोधतात’मधला वर वधूला चिकटून ‘उपवधूवर’ बसेल.

तपासणीच्या फेऱ्या वेगळ्या ठेव. एका फेरीत फक्त जागा, दुसरीत टिंबे, तिसरीत इकार-उकार. सगळे एकदम पाहायला गेलास की मन अर्थात रमते आणि डोळे सुटीवर जातात. इकार-उकाराच्या फेरीत शेवटच्या वाक्यापासून उलटे ये. गोष्टीचा ओघ तुटला की अक्षरे दिसू लागतात. एक फेरी वेगळ्या फॉन्टमध्ये, अक्षर मोठे करून. मध्ये एक रात्र जाऊ दे. त्यानंतरची फेरी तोंडाने, आणि तिथे ‘आम्ही’ व ‘आपण’ यांकडे कान ठेव. निमंत्रणात ‘त्यानंतर आम्ही सर्व जेवू’ असे लिहिलेस तर पाहुणा उपाशी राहतो.

मथळा सर्वांत शेवटी आणि अक्षर अक्षर बोट ठेवून तपास. मजकूर चारचौघे वाचतात, मथळा बरोबरच असणार असे प्रत्येकाला वाटते, आणि मोठ्या अक्षरांतली चूक जवळून दिसत नाही. तुझ्या मथळ्यात ‘उज्वल’ आहे. तिथे दोन ज लागतात: उज्ज्वल.

दुरुस्त प्रत शुक्रवारपर्यंत पाठव. आचार्य आणि आचारी दोघांनाही आपापल्या जागी बसवून.

सप्रेम आशीर्वाद.