खाज सुटते आणि पांढरं जातं, हे यीस्ट इन्फेक्शनच का?

असू शकतं, पण नुसता पांढरा रंग पाहून ठरवू नका. यीस्ट इन्फेक्शन म्हणजे योनीत कँडिडा नावाच्या बुरशीचा संसर्ग. त्यातला स्राव फाटलेल्या दुधासारखा गुठळ्यागुठळ्यांचा असतो, त्याला सहसा वास नसतो, आणि खाज अशी की झोप मोडते. लघवी करताना बाहेरच्या त्वचेला झोंबतं. पातळ, राखाडी आणि मासळीसारखा वास असेल तर बहुधा जिवाणूंचा त्रास. त्यावर बुरशीचं औषध चालत नाही, म्हणून पहिल्यांदा होत असेल तर डॉक्टरांना दाखवाच.

बुरशीच्या साध्या संसर्गाला क्लोट्रिमाझोल या बुरशीच्या औषधाची योनीत ठेवायची गोळी किंवा फ्लुकोनाझोल १५० मिग्रॅ या तोंडी गोळीचा एक डोस बहुतेकदा पुरतो. गरोदरपणात मात्र तोंडी गोळी टाळतात. वर्षात ३-४ वेळा उलटलं तर रक्तातली साखर तपासून घ्या. आणि आतून साबणाने धुणं कृपा करून थांबवा, त्याने आग वाढते.