डॉक्टर न होता आरोग्याच्या कायद्यांवर काम करता येतं का?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमची लेक इंदुरात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, दोनदा नीट देऊनही एमबीबीएसला नंबर लागला नाही, आणि आता तिला डॉक्टरांच्या संघटनांबरोबर राहून आरोग्याच्या कायद्यांवर काम करायचंय. हे खरंच करिअर आहे, की नीटचं दुःख विसरायचा बहाणा, असं तुम्ही विचारलंय.

करिअर आहे. पण भरती निघाली, फॉर्म भरला, असं ते नाही. आयएमए (इंडियन मेडिकल असोसिएशन) सारख्या संघटनेचे पदाधिकारी निवडून आलेले डॉक्टर असतात, दवाखाना सांभाळून हे काम करतात. पगारी जागा जास्त करून रुग्णालयांच्या संघटना, धोरण-संशोधन संस्था, सल्लागार कंपन्या आणि खासदारांच्या कार्यालयांत मिळतात.

काम कसं असतं, ते एका कलमावरून सांगते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, 2019 चं कलम 32 ‘कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर’ला, म्हणजे पूर्ण डॉक्टर नसलेल्या आरोग्यसेवकाला, उपचार करायचा मर्यादित परवाना देतं. असे परवाने नोंदणीकृत डॉक्टरांच्या एक तृतीयांशाहून जास्त नकोत, आणि स्वतंत्रपणे ठराविक औषधं लिहायची मुभा फक्त प्राथमिक व प्रतिबंधात्मक सेवेत. डॉक्टर रस्त्यावर उतरले ते ‘कलम रद्द करा’ म्हणत. तुमच्या लेकीचं काम त्यापुढचं. परवाना कुणाला? कायदा म्हणतो, आधुनिक वैद्यकाशी ‘संबंधित’ व्यक्तीला. म्हणजे नर्स, फार्मासिस्ट की आणखी कुणी, हे तिथे स्पष्ट नाही. पात्रता सोडलीय आयोगाच्या विनियमांवर, म्हणजे कायद्याखाली आयोग स्वतः करतो त्या नियमांवर. मग सरकारला द्यायच्या निवेदनात तीन रकाने करायचे: आहे तो मजकूर, हवा तो मजकूर, आणि रुग्णाच्या दृष्टीने कारण. तिसरा रकाना कच्चा राहिला की निवेदन केवळ डॉक्टरांच्या सोयीचं वाटतं आणि बाजूला पडतं. माझ्या मते सगळ्यात जास्त मेहनत तिथेच घ्यावी.

दुसरी चूक वेळेची. केंद्राच्या 2014 च्या धोरणानुसार नव्या कायद्याचा मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवायचा असतो. संघटनेची बैठक महिन्यातून एकदा, त्यात छोटे नर्सिंग होमवाले आणि मोठी रुग्णालयं यांचं एकमत होत नाही, आणि मुदत निघून जाते. कायदा झाला म्हणजे संपलं, असं समजणंही महागात पडतं. ऑगस्ट 2023 मध्ये आयोगाने जेनेरिक नावानेच (कंपनीच्या ब्रँडऐवजी औषधाच्या मूळ नावाने) औषधं लिहिण्याची सक्ती आणली ती विनियमांतून. डॉक्टरांचा आक्षेप जेनेरिकच्या दर्जावर होता. त्याच महिन्याच्या 23 तारखेला ते विनियम स्थगित झाले.

सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतला, म्हणजे राज्यांनी कायदे करायचा विषय. मध्य प्रदेशात नर्सिंग होमची नोंदणी राज्याच्या 1973 च्या कायद्याने होते, डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी 2008 चा वेगळा कायदा आहे. म्हणून इंदूरच्या डॉक्टरांच्या बऱ्याच गोष्टी भोपाळला ठरतात, आणि कागद हिंदीत असतात. घरात मराठी, शाळेत-बाजारात हिंदी अशी वाढलेली आपली मुलं इथे पुढे असतात. फक्त राजपत्रातली सरकारी हिंदी वेगळी, ती रोज वाचून अंगवळणी पाडावी लागते.

शिक्षणाचं म्हणाल तर पदवीनंतर इंदुरातच तीन वर्षांचं एलएलबी. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचं पब्लिक हेल्थही चालेल, पण कलम लिहायला हात बसतो तो कायद्यानेच. पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची लॅम्प फेलोशिप खासदाराबरोबर काम करायला देते. पदवी कुठलीही चालते, वयाची अट 25 पर्यंत, तेव्हा एलएलबीनंतर रेंगाळू नका.

सध्या तिला एवढंच करायला सांगा: डॉक्टरांवरच्या हल्ल्यांचा तो 2008 चा कायदा आणायचा, त्यातल्या एकाच कलमावर दोन पानी निवेदन लिहायचं आणि शहरातल्या आयएमए शाखेच्या सचिवांना व एखाद्या फौजदारी वकिलाला दाखवायचं. दोघांनी खोडलेल्या ओळी पाहून ती पुन्हा लिहायला बसली, तर एलएलबीचा फॉर्म खुशाल भरा.