वय ६५ च्या पुढे आहे, तरी इंग्रजी माफ नाही

प्रश्न: सासूबाई ६६ वर्षांच्या आहेत. माझे पती अमेरिकन नागरिक झाल्यावर त्यांना ग्रीन कार्ड मिळालं, त्याला साडेपाच वर्षं झाली. शिक्षण सातवीपर्यंत, मराठी माध्यमात. सध्या त्या कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या घरी आहेत. मार्चमध्ये न्यू जर्सीला परत येतील, मग नागरिकत्वाचा अर्ज भरायचा आहे. ६५ च्या पुढे इंग्रजी माफ असतं असं सगळे सांगतात. खरं आहे का? नसेल तर तयारी कशी करून घ्यावी?

उत्तर: त्यांना इंग्रजी माफ नाही. नुसत्या वयावर सवलत मिळत नाही, ग्रीन कार्डावर अमेरिकेत किती वर्षं राहिलात तेही पाहतात. वय ५० आणि २० वर्षं, किंवा वय ५५ आणि १५ वर्षं अशी जोडी जमली, तर इंग्रजीची परीक्षा माफ होते आणि नागरिकशास्त्राची परीक्षा दुभाषी घेऊन मराठीत देता येते. ६५ वय आणि २० वर्षं असतील तर प्रश्नांची यादीही २० चीच असते. साठीला ग्रीन कार्ड मिळालेल्या माणसाची २० वर्षं ऐंशीला भरतात, म्हणून मुलांनी बोलावलेल्या बहुतेक आई-वडिलांना हा नियम लागूच होत नाही. स्मृतिभ्रंशासारखं वैद्यकीय कारण असेल तर डॉक्टरांनी भरून द्यायचा वेगळा फॉर्म आहे, एन-६४८. पण ‘वय झालं’ किंवा ‘शिकलेल्या नाहीत’ ही कारणं त्यात चालत नाहीत.

अभ्यासाच्या आधी दिवस मोजा. अर्जाच्या मागच्या ५ वर्षांत निदान ३० महिने, म्हणजे ९१३ दिवस, प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले हवेत. शिवाय अमेरिकेबाहेरची एकच सहल ६ महिन्यांहून लांबली, तर तुमचं राहणं अखंड नव्हतं असं अधिकारी धरून चालतो आणि तसं नाही हे कागदांनी पटवून द्यावं लागतं. वर्षाहून लांबली तर अखंडता मोडलीच. दिवाळीला कोल्हापुरात यायचं आणि आंबे संपल्यावर जायचं, ही आपल्याकडची नेहमीची पद्धत. ती सात-आठ महिन्यांची होते आणि तिथेच घोटाळा होतो. पासपोर्टवरचे शिक्के बघून प्रत्येक जाण्या-येण्याची तारीख वहीत उतरवा. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. ०५/११ म्हणजे तिथे ११ मे, ५ नोव्हेंबर नव्हे.

आता अभ्यास. घरोघरी एकच चूक दिसते: नागरिकशास्त्राचे प्रश्न घोकून घेतात आणि अर्जावरच्या प्रश्नांकडे कुणी बघत नाही. बोलण्याची परीक्षा वेगळी नसते. अधिकारी एन-४०० हा अर्ज समोर ठेवून त्यावरच प्रश्न विचारतो, आणि ते समजतात का, उत्तर देता येतं का, यावरूनच इंग्रजी ठरवतो. यादी मुखोद्गत असलेली माणसं इथे अडकतात. म्हणून पहिला दीड महिना फक्त अर्जावर घाला.

सुरुवात नावापासून. लग्नानंतर सासूबाईंचं आडनाव बदललं, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं आलं, कदाचित पाळण्यातलं नावही बदललं. ‘दुसरं कुठलं नाव वापरलंय का’ याचं उत्तर तेव्हा ‘येस’ आहे, आणि पुढे माहेरचं पूर्ण नाव सांगता आलं पाहिजे. जन्मतारखेचंही तसंच. आपल्याकडे त्या पिढीतल्या कित्येकांची शाळेतली तारीख १ जून आहे. खरा वाढदिवस श्रावणात असला तरी तिथे पासपोर्टवरचीच तारीख सांगायची.

मग येते ‘हॅव यू एव्हर’ची लांबलचक रांग. ‘आजवर कधीतरी असं केलंय का’ एवढा अर्थ पक्का झाला की निम्मं काम झालं. बहुतेक उत्तरं ‘नो’ असतात आणि धोका त्यातच आहे. वीस-पंचवीस वेळा ‘नो’ म्हणायची जिभेला सवय लागते. शेवटी ‘तुम्ही राज्यघटनेला पाठिंबा देता का’, ‘शपथ घ्यायला तयार आहात का’ असे प्रश्न येतात, तेव्हाही तोंडातून ‘नो’च निघतं. सराव घेताना हे प्रश्न मध्येच घाला, क्रम रोज बदला. अधिकारी मध्येच शब्दाचा अर्थही विचारतो. त्यासाठी तीसेक शब्दांची वही करा आणि प्रत्येकापुढे तीन-चार सोप्या इंग्रजी शब्दांचं उत्तर लिहा: ‘अलीजन्स’ म्हणजे ‘बीइंग लॉयल’, ‘बेअर आर्म्स’ म्हणजे ‘कॅरी अ गन फॉर द कंट्री’. ‘आर्म्स’ म्हणजे इथे हात नव्हेत, शस्त्रं. हे आधी मराठीत समजावून सांगा, मगच इंग्रजी.

न समजल्यास ‘प्लीज रिपीट’ म्हणायला त्यांना शिकवा. तसं म्हटल्याने गुण कापत नाहीत. अधिकाऱ्याने प्रश्न पुन्हा, वेगळ्या शब्दांत विचारावा अशीच पद्धत आहे. नुसती मान मात्र हलवू नये.

उत्तरं देवनागरीत लिहून पाठ करणं पहिले आठ दिवस ठीक आहे. त्यापुढे वही मिटा. देवनागरीने उच्चार येतो, पण कान तयार होत नाही. अमेरिकन माणूस ‘सिटिझन’ म्हणतो तेव्हा आपल्याला ‘सिडिझन’ ऐकू येतं, ‘ट्वेन्टी’चं ‘ट्वेनी’ होतं. म्हणून अमेरिकन आवाजातलं रेकॉर्डिंग रोज ऐकू दे. कोल्हापुरात आहेत तोवर रंकाळ्यावर फिरताना कानाला लावलं तरी अर्धा तास सहज होतो. इथे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा हिवाळ्यात न्यू जर्सीत सकाळचे साडेआठ. तेव्हा रोज पंधरा मिनिटं फोन करा, व्हिडिओ बंद ठेवून. चेहरा दिसला की माणूस हावभावावरून ओळखतो आणि समजलं असं वाटतं. प्रश्न नातवंडांना विचारायला लावा, त्यांचा उच्चार तिथलाच असतो.

नागरिकशास्त्राची परीक्षा बदलली आहे. २० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना १२८ प्रश्नांची यादी आहे. त्यातले २० पर्यंत विचारतात, १२ बरोबर हवेत. नातेवाइकांनी दिलेलं जुनं १०० प्रश्नांचं पुस्तक बाजूला ठेवा आणि यादी यूएससीआयएसच्या, म्हणजे नागरिकत्वाचे अर्ज पाहणाऱ्या अमेरिकन सरकारी खात्याच्या, संकेतस्थळावरूनच घ्या. आठवड्याला आठ प्रश्न धरले तर सोळा आठवडे लागतात. राष्ट्राध्यक्ष, गव्हर्नर, तुमच्या राज्याचे सिनेटर यांची नावं बदलतात, ती मुलाखतीच्या आठवड्यात पुन्हा तपासा.

पाठांतरापेक्षा आपल्याकडचा धागा जोडून दिलेला टिकतो. राज्यसभेचा खासदार सहा वर्षांचा, सिनेटरही सहा वर्षांचा. आपलं स्वातंत्र्य १९४७ चं आणि घटना १९५० ची. त्यांचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ चा, घटना १७८७ मध्ये लिहिलेली. ‘सिव्हिल राइट्स’, म्हणजे नागरी हक्क, हा शब्द कोरडा वाटतो. पण शाहू महाराजांनी १९०२ साली करवीर संस्थानात मागासलेल्यांसाठी नोकरीत ५० टक्के जागा का राखून ठेवल्या, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. मार्टिन ल्यूथर किंग कशासाठी लढले, ते तिथून सुरू करा. दोन ठिकाणी मात्र तुलना फसते: तिथला राष्ट्राध्यक्ष स्वतः सरकार चालवतो, आणि गव्हर्नर हा आपल्या राज्यपालासारखा नेमलेला नसतो, लोकांनी निवडून दिलेला असतो.

वाचन-लेखन सगळ्यांत सोपं. तीनपैकी एक वाक्य नीट वाचायचं, तीनपैकी एक ऐकून लिहायचं, आणि दोन्हींची शब्दयादी जाहीर आहे. स्पेलिंगची छोटी चूक चालते, आकडा अंकात लिहिला तरी चालतो, पण शब्दाचं संक्षिप्त रूप चालत नाही. मराठी कानाला ह्रस्व-दीर्घ फारसं वेगळं ऐकू येत नाही, त्यामुळे ‘लिव्ह’च्या जागी ‘लीव्ह’ लिहिलं जातं आणि वाक्याचा अर्थच बदलतो. अशा जोड्या वेगळ्या काढून घ्या. लेखन बऱ्याचदा टॅबलेटवर असतं. तेव्हा आठवडाभर तरी काचेवर पेनने लिहायचा सराव हवा.

अर्ज भरण्यापूर्वी घरात एक बोलणं करून घ्या. अमेरिकन नागरिक होताच भारतीय नागरिकत्व जातं. पासपोर्ट परत करावा लागतो, आणि मग भारतात ये-जा करण्यासाठी ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, काढता येतं. ओसीआयवर भारतात मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते. गावाकडे जमिनीचा व्यवहार डोक्यात असेल तर तो आधी ठरवा.

पहिल्यांदा एखादा भाग राहिला तर ६० ते ९० दिवसांत पुन्हा बोलावतात आणि तेवढाच भाग घेतात. पास झाल्यावरही शपथविधीची तारीख यायची असते, आणि ती झाल्याशिवाय नागरिकत्व मिळत नाही. तोवर सासूबाईंचं कोल्हापूरचं तिकीट काढू नका.