रत्नागिरीत राहून सॉफ्टवेअरची पहिली नोकरी: आधी काय करशील?

पुण्याला जायचं की इथूनच काम शोधायचं, हा प्रश्न सध्या बाजूला ठेव. आधी एक भाषा धर. पायथन चालेल, जावाही चालेल. दर पंधरवड्याला भाषा बदलणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

मग प्रोजेक्ट एकच, पण पुरा कर. आंब्याच्या पेट्यांचा हिशोब घे: बागायतदार, पेटी चार डझनी की पाच डझनी, दर, उधारी. रक्कम फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्येच्या प्रकारात, साठवू नकोस, पायथनमध्ये 0.1 + 0.2 केलंस तर 0.30000000000000004 येतं. रुपयांचे पैसे करून सगळी रक्कम पूर्णांकात ठेव. मुलाखतीत अशा एका निर्णयाचं कारण नीट सांगता आलं, तर ते सर्टिफिकेटांच्या गठ्ठ्यापेक्षा भारी पडतं.

- एरर आली की आधी ट्रेसबॅकची (एररसोबत छापून येणाऱ्या मजकुराची) शेवटची ओळ वाच, गूगल नंतर.
- रोज गिटमध्ये कमिट कर (कोडमधल्या बदलांची नोंद) आणि पुशही (ती नोंद ऑनलाइन पाठवणं). नुसतं कमिट तुझ्याच लॅपटॉपवर राहतं.
- पावसात लाइट जाणारच. राउटरला छोटा यूपीएस घे, पण अडॅप्टरवरचे व्होल्ट बघून. बहुतेक 12 असतात. दुसऱ्या कंपनीचं सिमही हवं.
- बायोडेटा एका पानाचा.

क्लाउड, डॉकर, सिस्टीम डिझाइन? ते गणपतीनंतर बघू.