वाचकांचे प्रश्न: पॉलिसी घेतली, पण तिसरा महिना चालू आहे

प्रश्न: ताई नमस्कार, मी नाशिकला सिडकोत राहते. मिस्टर इलेक्ट्रिक फिटिंगची कामं घेतात, बिल्डरच्या साइटवर पण आणि लोकांच्या घरी पण, आणि मी घरीच ब्लाउज शिवते. नोकरी घरात कुणालाच नाही त्यामुळे कंपनीचा इन्शुरन्स वगैरे काही नाही. मला आता तिसरा महिना चालू आहे. ओळखीच्या एका एजंटने सांगितलं की आत्ताच पॉलिसी काढा, फॉर्ममध्ये प्रेग्नन्सीचं लिहू नका, डिलिव्हरी होऊन जाईल त्यात. १२ दिवसांपूर्वी १९,४०० रुपये भरले, पॉलिसी मेलवर आली. पण मला रात्री झोप लागत नाही. केलं ते बरोबर केलं का?

उत्तर: ताई, तुम्हाला झोप लागत नाही ते बरोबरच आहे, पण घाबरू नका, १२च दिवस झालेत आणि पॉलिसीचे कागद हातात आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. कंपनीला मेल करा की मला पॉलिसी नको, फ्री लूकमध्ये परत करते. जितके दिवस कव्हर मिळालं तेवढ्याचे, स्टॅम्प ड्युटीचे आणि मेडिकल झालं असेल तर त्याचे पैसे कापून बाकी परत येतात. एजंटला फोन करत बसू नका, तो म्हणेल राहू द्या काही होत नाही. मेल थेट कंपनीलाच करा आणि त्याची पोच जपून ठेवा. पैसे द्यायला टाळाटाळ झाली तर विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या बिमा भरोसा पोर्टलवर तक्रार करता येते.

आता परत का करायची ते सांगते. मी बारा वर्षं एका हॉस्पिटलच्या कॅशलेस डेस्कवर काम केलंय, त्यातली एक दुपार अजून डोळ्यासमोरून जात नाही. डिस्चार्ज झालेली मुलगी व्हीलचेअरवर, मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, शेजारी सासूबाई डिंकाच्या लाडवाचा डबा घेऊन उभ्या, आणि नवरा माझ्या काउंटरवर. क्लेम नाकारल्याचं पत्र माझ्याच स्क्रीनवर आलं होतं. कारण एका ओळीचं होतं. केसपेपरवर पहिल्याच ओळीत एलएमपी लिहिलेली, म्हणजे शेवटच्या पाळीची तारीख, ती होती १४ मार्च, आणि पॉलिसी सुरू झाली होती २ मेला. कंपनीला दुसरं काही शोधावंच लागलं नाही. त्या नवऱ्याला पण एजंटने हेच सांगितलं होतं, लिहू नका. त्याने तिथेच उभं राहून तीन-चार जणांना फोन केले, तोवर ती मुलगी तशीच बसून होती, टाके ताजे असताना. म्हणून मी हे इतकं कळकळीने लिहितेय, की एलएमपी लपत नाही, ती सोनोग्राफीच्या रिपोर्टवर असते, माता बाल संरक्षण कार्डावर असते, सगळीकडे असते.

आणि समजा तुम्ही खरं लिहिलं असतं तरी या डिलिव्हरीला पैसे मिळाले नसते, कारण ज्या पॉलिसीत मॅटर्निटी असते तिथे वेटिंग असतं, म्हणजे पॉलिसी तेवढा काळ चालू राहिल्यावरच बाळंतपणाचे पैसे मिळतात, काहींत ९ महिने, बऱ्याच ठिकाणी २ ते ४ वर्षं, आणि साध्या हेल्थ पॉलिसीत तर बाळंतपण वगळलेलंच असतं, नॉर्मल असो की सिझर. त्या वगळण्यातून एकच गोष्ट बाहेर ठेवलेली असते, गर्भ नळीत राहिला तर, कारण तो जिवावरचा प्रसंग. गर्भपात झाला तर तोही खर्च, अपघाताने झालेला सोडून, मिळत नाही. तुमच्या पॉलिसीच्या कागदात एक्स्क्लूजन १८ असं लिहिलेलं सापडेल, वाचून बघा.

मग आता काय करायचं? तर तुमच्या हक्काचं बरंच आहे, ते कुणी सांगत नाही एवढंच. सरकारी दवाखान्यात बाळंतपण पूर्ण फुकट असतं, सिझरसकट. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे, त्यात औषधं, तपासण्या, लागलं तर रक्त, नॉर्मलला ३ दिवस आणि सिझरला ७ दिवस जेवण, घरून न्यायला आणि परत सोडायला गाडी, हे सगळं येतं, आणि बाळ आजारी पडलं तर वर्षभरापर्यंत त्याचे उपचार पण. याला रेशनकार्डाचा रंग बघत नाहीत, उत्पन्नाची अट नाही. सिव्हिलला गर्दी असते, बसायला जागा नसते, कधी कुणी नीट बोलत नाही, हे मला माहितीये, खोटं सांगणार नाही. पण अडलेली बाळंतपणं रात्री-बेरात्री शेवटी सिव्हिललाच पाठवतात ना. दर महिन्याच्या ९ तारखेला चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते. एकदा जाऊन या, तिथलं वातावरण स्वतः बघा, मग ठरवा. नाव नोंदवलं म्हणजे प्रायव्हेटला जाता येत नाही असं काही नसतं.

दुसरं, मातृवंदना योजना. पहिल्या बाळाला ५,००० मिळतात, ३,००० नोंदणी आणि तपासणी झाल्यावर आणि २,००० बाळाचा जन्मदाखला आणि पहिल्या लसी झाल्यावर. दुसरी मुलगी झाली तर ६,०००. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असेल तर बसता, किंवा ई-श्रम कार्ड, म्हणजे असंघटित कामगारांच्या नोंदणीचं कार्ड, असेल तरी चालतं, आणि शिवणकाम करणाऱ्या बाईने ते काढलेलंच बरं. अंगणवाडीत नाहीतर आशाताईंकडे आजच जा. पैसे तुमच्या स्वतःच्या नावाच्या, आधार जोडलेल्या खात्यात येतात, नवऱ्याच्या नाही. खातं जुन्या आडनावावर आणि आधार नवीन आडनावावर असेल तर पैसे अडकून बसतात, मी कितीतरी बायकांचे अडकलेले बघितलेत.

आणि तिसरी गोष्ट तुमच्या पत्रातच होती, बिल्डरची साइट. मिस्टरांनी गेल्या १२ महिन्यांत साइटवर ९० दिवस काम केलं असेल तर ते बांधकाम कामगार म्हणून राज्याच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडे नोंदणी करू शकतात. नुसते गवंडी आणि सेंट्रिंगवालेच नाही, फिटिंगवाले, प्लंबर, पेंटर, फरशीवाले सगळे येतात. नोंदीत कामगाराच्या बायकोला पहिल्या दोन बाळंतपणांसाठी नॉर्मलला १५,००० आणि सिझरला २०,००० मिळतात. ९० दिवसांचा दाखला ज्याच्याकडे काम केलं त्या बिल्डरकडून किंवा ठेकेदाराकडून घ्या. पैसे देऊन खोटा दाखला आणून देणारे लोक भेटतील, त्यांच्या नादी लागू नका, तुमचं काम खरं आहे तर दाखला पण खराच घ्या. आता तिसरा महिना आहे, म्हणजे हे सगळं करायला वेळ आहे, फक्त पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

परत आलेल्या पैशांचं एक सांगते. त्यातले थोडे पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीला बाजूला ठेवा, ती चुकवू नका, बाकी वेगळ्या खात्यात. बाळ झाल्यावर सावकाश तिघांची साधी फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराची मिळून एकच पॉलिसी, घ्या, फॉर्ममध्ये सगळं खरं लिहून. २२ सप्टेंबर २०२५ पासून घरगुती हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेलाय, तेव्हा कुणी हप्त्यावर जीएसटी लावून सांगितला तर विचारा कशाचा.

प्रश्न: मी चिंचवडला एका छोट्या कंपनीत बिलिंगला आहे, पगार १८,०००. मिस्टरांचं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. लग्नाला सहा महिने झाले. दीड-दोन वर्षांत बाळाचा विचार आहे. नोकरी सोडून दुकानातच बसावं असं घरी चाललंय, कारण दुकानात माणूस ठेवायचा तर १२,००० जातात. त्याआधी मॅटर्निटीवाली पॉलिसी घेऊन ठेवावी का? कोणती घ्यावी?

उत्तर: पॉलिसीचं नंतर बोलू, आधी तुमची पगाराची स्लिप काढा. त्यात १३५ रुपये कापलेले दिसतात का बघा, ईएसआय लिहिलेलं असेल, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. १८,००० च्या पाऊण टक्का म्हणजे १३५. ते दिसत असतील तर जी पॉलिसी तुम्ही बाहेर शोधताय ती तुमच्याकडे आहेच, आणि तशी बाजारात विकत मिळत नाही. पगार २१,००० पर्यंत आणि १० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी ईएसआय लागतो. त्यात पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे पूर्ण पगाराएवढे पैसे मिळतात, तुमच्या पगाराला ते लाखाच्या आसपास जातात, शिवाय दवाखान्याचा खर्च वेगळा नाही. तुमच्याकडे मोहननगरलाच ईएसआयचं हॉस्पिटल आहे. नवऱ्याचे उपचार पण त्यात होतात. अट अशी, की आधीच्या दोन सहामाह्यांत मिळून किमान ७० दिवसांची वर्गणी भरलेली हवी, सहामाह्या एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशा धरतात.

म्हणून माझं स्पष्ट मत, बाळ होईपर्यंत नोकरी सोडू नका. दुकानात माणूस ठेवायला १२,००० जातात हे खरं, पण तुम्ही १८,००० आणताय आणि वर हे कव्हर, हा हिशोब घरी सगळ्यांसमोर कागदावर मांडा. आम्ही बायका हे हिशोब मनातल्या मनात करतो आणि मग गप्प बसतो.

स्लिपवर ईएसआय नसेल आणि नोकरी सोडायचीच असेल तर पॉलिसीचा हिशोब असा करा. समजा मॅटर्निटीवाली पॉलिसी साध्यापेक्षा वर्षाला ९,००० नी महाग आहे, वेटिंग ३ वर्षांचं, म्हणजे चौथ्या वर्षी डिलिव्हरी होईपर्यंत तुम्ही ४ हप्त्यांत ३६,००० जास्तीचे भरले, आणि कंपनी नॉर्मलला देणार ३५,०००. आपलेच पैसे आपल्याला परत, ते पण मधे एकदा जरी हप्ता चुकून पॉलिसी बंद पडली तर वेटिंग पहिल्यापासून. आणि तुम्हाला बाळ दीड-दोन वर्षांत हवंय, मग बाळाने काय कंपनीच्या तारखेसाठी थांबायचं का? त्यापेक्षा महिना २,५०० ची आरडी दोन वर्षं, म्हणजे ६०,००० आणि वर व्याज, कुठल्याही हॉस्पिटलला चालतात, कुणाची मंजुरी लागत नाही. आरडी बाळंतपणाला, आणि साधी हेल्थ पॉलिसी अपघात, ऑपरेशन, मोठं आजारपण यांना, असं वेगळं ठेवा. बाळंतपण हा आधीपासून माहीत असलेला खर्च आहे, त्याला विम्याची वाट बघत बसू नये.

एकाच बाबतीत मी मॅटर्निटी कव्हर घ्या म्हणेन, वेटिंग कमी असेल, मर्यादा चांगली असेल आणि बाळाला पहिल्या दिवसापासून कव्हर लेखी दिलं असेल तर. कारण डिलिव्हरीचं बिल एकवेळ पेलतं, बाळ काचेत ठेवावं लागलं तर रोजचं बिल पेलत नाही. साध्या फ्लोटरमध्ये बाळ बहुतेक वेळा ९० दिवसांनीच जोडता येतं, आणि बाळाला खरी गरज त्याआधीच लागू शकते.

प्रश्न: मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, आम्ही सातारा जिल्ह्यात, जावई पुण्यात रिक्षा चालवतात. तारीख १८ दिवसांवर आली. मुलीचं नाव आमच्या रेशनकार्डातून कमी केलं पण सासरच्या कार्डात अजून चढलेलं नाही. फुले योजनेत होईल का? प्रायव्हेटवाले सिझरचे ७०,००० सांगतात.

उत्तर: काका, रेशनकार्डाचा हा घोळ खूप घरांत असतो, लग्न झालं की नाव इथून काढतात आणि तिकडे चढवायचं राहून जातं. जावयांना आजच सांगा, लग्नाचा दाखला आणि इथून नाव कमी केल्याचा दाखला घेऊन अर्ज टाकायला. १ जुलै २०२४ पासून फुले योजना पांढऱ्या कार्डासकट सगळ्यांना आहे आणि कव्हर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं आहे, पण साधं बाळंतपण प्रायव्हेटमध्ये त्यात बसेल असं धरून चालू नका. गुंतागुंत झाली किंवा बाळाला आयसीयू लागलं तर त्याचं पॅकेज त्या हॉस्पिटलला आहे का, हे तिथे बसणाऱ्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला, आत्ताच जाऊन विचारा, नाहीतर १५५३८८ वर फोन करा.

सरकारी दवाखान्यात रेशनकार्ड नसलं तरी बाळंतपण मोफतच आहे. फक्त जवळच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन दोन प्रश्न विचारा, सिझर रात्री पण होतं का, आणि रक्ताची सोय आहे का. दोन्हीला हो नसेल तर मुलीला आधीपासून सिव्हिललाच दाखवा, ऐनवेळी पळापळ नको.

आणि एक, तुमच्याकडे किंवा पुण्यात जी धर्मादाय हॉस्पिटलं आहेत, ट्रस्टची, तिथे १० टक्के खाटा गरिबांना मोफत आणि १० टक्के निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. जावयांच्या कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर सवलत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो काढायला चार-आठ दिवस जातात, म्हणून उद्याच जावयांना तहसीलला पाठवा. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन लेखी अर्ज द्या, तोंडी विचारलं तर खाटा भरल्यात असं उत्तर मिळतं. जिवावरचा प्रसंग असेल तर हॉस्पिटलला डिपॉझिटसाठी पेशंटला अडवून धरता येत नाही.

मुलीचं माता बाल संरक्षण कार्ड, पुण्यातल्या सगळ्या सोनोग्राफ्या, दोघांची आधार आणि रक्तगटाचा कागद एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून दाराजवळ टांगून ठेवा, झेरॉक्स काढून दोन संच. गाडीसाठी १०२ किंवा १०८. मुलगी आणि बाळ सुखरूप घरी आले की दोन ओळी जरूर पाठवा, मी वाट बघेन.