तलावाकाठच्या मुक्कामात एकीवरही काम पडू नये

तुम्ही लिहिलंय की तुम्ही सात जणी कॉलेजपासूनच्या मैत्रिणी, सगळ्या पंचेचाळिशीच्या आसपास. दिवाळीनंतर पुण्याहून निघून दोन दिवस डोंगरात पाण्याकाठी राहायचंय, एकीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आणि पवना, मुळशी की भंडारदरा यावर ग्रुपवर नुसती चर्चाच चालू आहे. माझं मत आधीच सांगते: तुम्ही मुळशीला जा. पण तुमचं घोडं जागेवर अडलेलं नाही, ते तारखेवर अडलंय.

ग्रुपवर पोल टाकून तारीख ठरत नाही. ज्यांना कधीही चालतं त्या लगेच मत देतात आणि जिची खरी अडचण असते ती गप्प बसते. सातांत एक तरी अशी असतेच जिच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, दहावीतलं मूल आहे किंवा बँकेत महिनाअखेरीची रजा मिळत नाही. तिला वेगळा फोन करा. तिला जमतील त्या दोन तारखा घ्या आणि बाकीच्यांना त्यातली एक निवडायला सांगा. ग्रुपमधून हळूहळू गळते ती नेमकी हीच मैत्रीण, आणि सुट्टीची सगळ्यात जास्त गरज तिलाच असते.

रविवारी दुपारी जाऊन सोमवारी संध्याकाळी परतता आलं तर फार उत्तम. शनिवारची गर्दी तोवर पुण्या-मुंबईला परतत असते, दर उतरलेले असतात आणि केअरटेकरला तुमच्याकडे बघायला वेळ असतो. सोमवारची एक रजा त्यासाठी नक्की टाकावी. मार्गशीर्ष लागायच्या आत गेलात तर गुरुवार धरणाऱ्यांची खाण्यापिण्याची अडचणही होणार नाही.

दिवाळीनंतरचा काळ तुम्ही अचूक निवडलाय. आपल्याकडचे हे बहुतेक तलाव म्हणजे धरणांचे जलाशय. पावसाळ्याच्या शेवटी ते भरतात आणि पुढे पिण्यासाठी, शेतीसाठी, विजेसाठी पाणी सोडत सोडत मे महिन्यापर्यंत पार खाली जातात. वेबसाइटवरचा ‘लेकटच’, म्हणजे पाण्याला लागून असलेल्या बंगल्याचा फोटो ऑक्टोबरचा असतो. तोच बंगला एप्रिलमध्ये घेतलात तर अंगणापुढे भेगा पडलेला गाळ आणि पाणी लांब. पवनेत तर उन्हाळ्यात पाणी उतरलं की एरवी बुडालेलं वाघेश्वराचं देऊळ बाहेर येतं. नोव्हेंबरात पाणी काठोकाठ असतं, गवत सोनेरी व्हायला लागलेलं असतं आणि रात्री शाल लागते.

आता जागा. पवना जवळ आहे, तुंग, तिकोना, लोहगड समोर दिसतात, देखावा अप्रतिम. पण काठावर तंबूंच्या रांगा लागल्यात आणि शनिवारी रात्री उशिरापर्यंत स्पीकर वाजतो. शेजारच्या तंबूतली मंडळी किती पिऊन आहेत यावर आपली झोप अवलंबून राहते. शिवाय सामाईक संडास. पंचविशीत हे चालून जातं. गुडघा दुखणाऱ्या मैत्रिणीला रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन ओल्या गवतातून चालायला लावणं मला पटत नाही. पवनाच करायचं असेल तर तंबू नको, पक्कं घर घ्या आणि आठवड्यातला मधला दिवस बघा.

भंडारदरा या सगळ्यांत सुंदर, यात शंका नाही. एमटीडीसीचं, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचं निवास तलावालगत आहे, रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर आहे, कळसूबाईची रांग आहे. पण चाकण, संगमनेर, अकोले, राजूर असं करत जाताना पाच तास सहज मोडतात. एका रात्रीसाठी एवढा प्रवास म्हणजे दोन्ही दिवस गाडीतच. दोन रात्री मिळाल्या तरच तिथे जा. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत तिथे काजवे असतात, तो बेत वेगळा करावा. तापोळ्यालाही हेच लागू. कोयनेचं पाणी अथांग आहे, पण महाबळेश्वर ओलांडून खाली उतरायचं म्हणजे तीही दोन रात्रींची जागा.

उरलं मुळशी. चांदणी चौकातून पिरंगुट, पौड करत दीड-दोन तासांत पोचता. पिरंगुटची कोंडी सोडली तर रस्त्याचा त्रास नाही. रात्री काठावर बसाल तेव्हा त्या पाण्याची गोष्टही एकमेकींना सांगा. विजेसाठी टाटांनी बांधलेलं हे धरण. त्यात मावळातली गावं जाणार म्हणून १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह झाला, त्यात बायकाही होत्या. आजही हे पाणी सह्याद्री ओलांडून खाली कोकणात भिऱ्याच्या वीजकेंद्रात जातं. आपण ज्या काठावर चहा पितो त्याच्या खाली कुणाची तरी घरं होती, हे माहीत असलेलं बरं.

घर ठरवताना फोटो बघून पैसे पाठवू नका. केअरटेकरला व्हिडिओ कॉल करा आणि फाटकापासून बाथरूमपर्यंत फोन धरून चालायला सांगा. पायऱ्या किती ते त्यात कळतं. खाली एक तरी खोली आणि तिला लागून कमोड हवा, त्या मैत्रिणीसाठी. संडासाच्या दाराची कडी आतून नीट लागते का, आत झाकणाची कचऱ्याची बादली आहे का, हे स्पष्ट विचारा. यात लाजायचं काही नाही, सात बायकांत कुणाची ना कुणाची पाळी असणारच. गरम पाण्याला गॅस गीझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर बसवलेला आहे का ते पक्कं करा. बंद खोलीत त्याचा कार्बन मोनॉक्साइड साठतो, वासही येत नाही, आणि त्याने माणसं दगावली आहेत. लाइट गेली तर इन्व्हर्टर किती वेळ चालतो, रात्री आवारात केअरटेकरच्या घरातली बाई-माणसं असतात का, हेही विचारा. कुटुंब राहत असलं की घराला एक वेगळाच आधार असतो.

आता माझ्या जिव्हाळ्याचा मुद्दा, स्वयंपाकाचा. ‘किचन आहे, आपणच करू, मजा येईल’ या प्रस्तावाला ठाम नाही म्हणा. मजा दोघींना येते आणि त्याच दोघी दोन्ही दिवस ओट्याशी उभ्या राहतात. ज्या रोज डबे भरतात त्याच पुन्हा कांदा चिरायला घेतात, कारण हाताला तीच सवय. चहासुद्धा केअरटेकरकडूनच येऊ दे. मुळशीच्या एका घरी केअरटेकरच्या बायकोने आमच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. उकडीचा गोळा परातीत मळून, पाण्याचा हात लावत ती भाकरी थापायची, तव्यावर टाकली की वरून पाणी फिरवायचं, आणि उलटून विस्तवाला लावली की टम्म फुगायची. एकेक भाकरी थेट ताटात. आमच्यातली एक ताट मांडीवर घेऊन तिच्याकडे बघत बसली होती, म्हणाली, कुणीतरी मला गरम वाढतंय, हे कितीतरी वर्षांनी होतंय. पिठलं, ठेचा, इंद्रायणीचा भात, कुणाला हवं तर गावरान कोंबडी, एवढं आदल्या दिवशी सांगितलं की झालं. जेवणाचे पैसे घराच्या भाड्यात धरलेत की वेगळे, ते मात्र आधी विचारा, आणि करणाऱ्या बाईच्या हातात वेगळे पैसे ठेवा.

पाण्याबद्दल मी कडक आहे. जलाशयात उतरायचं नाही, पोहता येणारीनेसुद्धा नाही. हे बांधलेले तलाव म्हणजे बुडालेली शेतं, बांध, विहिरी आणि नदीचं पात्र. गुडघाभर पाण्यात चालताना पुढचं पाऊल एकदम खोल जातं. काठावर वरची खपली वाळलेली दिसते, पाय टाकला की खालचा गाळ घोट्यापर्यंत ओढतो, चप्पल तिथेच राहते. फोटोसाठी मागे मागे सरकणं तर अजिबात नको. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात अचानक लोंढा आला आणि पुण्याच्या एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली. तुम्ही पावसाळ्यात जात नाही आहात, तरी हे ग्रुपवर एकदा लिहून टाका. होडीत बसायचं असेल तर लाइफ जॅकेट अंगात घालून, पट्टे लावून. ते नसेल तर होडी नाही.

पैसे एकीकडेच जमा होऊ द्या आणि तिने दर संध्याकाळी हिशेब ग्रुपवर टाकावा. घर, गाडी, जेवण सगळ्यांचं समान, वाइन वगैरे घेणाऱ्यांचं वेगळं. हे निघायच्या आधी बोलून घ्या, म्हणजे न पिणारीच्या मनात काही राहत नाही. एखादीला रक्कम जड जात असेल तर ती बोलणार नाही, म्हणून हिशेब ठेवणारी समजूतदार हवी.

गाडी पिवळ्या पाटीचीच घ्या, खासगी पाटीवर भाड्याने येणाऱ्याचा विमा अडचणीत उपयोगी पडेलच असं नाही. सात जणी आणि सामान म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर बरा. दिवसाला किमान २५० किंवा ३०० किलोमीटर धरून भाडं लावतात, त्यामुळे मुळशीसारख्या जवळच्या ठिकाणी ‘सोडा आणि दुसऱ्या दिवशी न्यायला या’ असा दर मागून बघा, बराच फरक पडतो. गाडी मुक्कामी ठेवलीत तर ड्रायव्हरच्या झोपण्या-जेवणाची सोय घरमालकाला आधी सांगा. दुसऱ्या दिवशी घाटातून तोच गाडी चालवणार आहे. काठावर रेंज जाते-येते, म्हणून घराचं लोकेशन आणि केअरटेकरचा नंबर प्रत्येकीने घरी देऊन ठेवावा. पौडला दवाखाने आहेत, रात्री काही झालं तर ११२ ला फोन लावा आणि गाडी पुण्याच्या दिशेने काढा.

दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम मोकळा ठेवा. ताम्हिणी घाटाचा एक फेरफटका ज्यांना हवा त्यांनी करावा, बाकीच्यांनी व्हरांड्यात लोळावं. सातही जणींनी सगळीकडे एकत्रच गेलं पाहिजे असं काही नाही.